बारातली एक जागा: लॉरेन जॅक्सनला पॅरिसला न्यायला हवं होतं का?

विक्रांत:
आधीच सांगतो, ऑस्ट्रेलियाने घडवलेल्या सगळ्या बास्केटबॉल खेळाडूंत, पुरुष-स्त्रिया मिळून, मी लॉरेन जॅक्सनला पहिला नंबर देतो. २००१ साली अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सिएटल स्टॉर्म संघाने तिला सगळ्यात पहिली निवडली, तेव्हा तिला वीस पूर्ण व्हायची होती. २००३, २००७ आणि २०१० अशी तीनदा ती लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. २००४ आणि २०१० मध्ये सिएटलला विजेतेपद मिळवून दिलं. बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू म्हणून पोचलेली पहिली ऑस्ट्रेलियन तीच, २०२१ साली.

तरीही २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी तिची निवड चुकली असं माझं ठाम मत आहे. संघात जागा बारा. ती ४३ वर्षांची. प्रत्यक्ष खेळायला मिळाली मोजकी मिनिटं. ती जागा विशी-बाविशीतल्या एखाद्या उंच मुलीला दिली असती, तर ऑलिम्पिकचा दबाव तिने अंगावर घेतला असता आणि २०२८, २०३२ला त्याचा उपयोग झाला असता. २०३२चं ऑलिम्पिक तर त्यांच्या घरीच आहे, ब्रिस्बेनला. निवड ही आज कोण काय करू शकतं यावर व्हावी. काल केलेल्या उपकारांची परतफेड म्हणून नाही.

आणि तिला साजेसा निरोप मिळून गेला होता. २०२२च्या विश्वचषकात, सिडनीत.

मधुरा (मेलबर्न):
विक्रांत, सिडनीचा उल्लेख केलात ते बरं झालं, कारण तुमच्या मुद्द्याला उत्तर तिथेच आहे. उपांत्य सामन्यात चीनकडून ५९-६१, अवघ्या दोन गुणांनी हार. संपूर्ण संघ खचलेला. दुसऱ्या दिवशी ब्राँझसाठी कॅनडाशी गाठ. त्या सामन्यात बेंचवरून उठून ४१ वर्षांच्या बाईने ३० गुण केले आणि ऑस्ट्रेलिया ९५-६५ जिंकली. कॅनडाचा संघ काही लेचापेचा नव्हता, उपांत्य फेरी खेळून आलेला होता. एवढं करणाऱ्या खेळाडूला पुढच्या वेळी निवड समितीने विचारायचंच नाही?

शिवाय पॅरिसचं तिकीट तिला घरपोच आलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमला पात्रता फेरी झाली, तिथेही ती संघाबरोबर होती. ही अशी बाई, जी २०१६ मध्ये गुडघ्यामुळे रडत निवृत्त झाली होती, मधे दोन मुलं झाली, आणि सहा वर्षांनी परत आली. दयेपोटी जागा दिली म्हणणं तिच्या मेहनतीचा अपमान आहे.

विक्रांत:
दया हा शब्द माझा नाही. कृतज्ञता म्हणालो असतो. आणि सिडनीतले ३० गुण मलाही पाठ आहेत, पण तो ऑक्टोबर २०२२. पॅरिस जुलै २०२४. चाळिशीत पावणेदोन वर्षं म्हणजे फार मोठा काळ. पॅरिसचा पहिलाच सामना नायजेरियाकडून ६२-७५ असा हरलो (मी ओपल्सबद्दल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाबद्दल, बोलताना 'आपण' म्हणतो, सवय आहे). उपांत्य फेरीत अमेरिकेने २१ गुणांनी धुतलं. ब्राँझच्या सामन्यात बेल्जियमला ८५-८१ हरवलं ते एझी मॅग्बेगोरच्या ३० गुणांवर. जिथे जिथे संघ अडला किंवा सुटला, तिथे जॅक्सनचा हात नव्हता.

सदानंद:
मी शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवतो, म्हणून थोडं खेळाबद्दल लिहितो. या चर्चेत आतापर्यंत नुसते आकडेच आलेत.

लॉरेनची उंची १९६ सेंटीमीटर. तिच्या आधी एवढ्या उंच मुलीला कोच काय सांगायचे? रिंगखाली उभी राहा, चेंडू वर धर, रिबाउंड घे, म्हणजे हुकलेला चेंडू पकड. सिएटलचे जुने सामने बघा. तिची सहकारी सू बर्ड चेंडू टपकवत वरून यायची, लॉरेन पुढे होऊन बर्डच्या रक्षकाला आपल्या खांद्याशी अडकवायची. इथे सगळ्यांना वाटायचं ही आता रिंगकडे वळणार. ती वळायची नाही. दोन पावलं मागे सरकून तीन गुणांच्या रेषेबाहेर उभी राहायची, आणि बर्डचा पास तिच्या हातात पडायच्या आधीच तिचे गुडघे वाकलेले असायचे. समोरच्या सेंटरला, म्हणजे रिंगजवळच्या उंच खेळाडूला, बाहेर यावंच लागे, आणि ती बाहेर आली की आतला रस्ता मोकळा. पुढच्या वेळी तीच सेंटर आधीच बाहेर धावली, की लॉरेन तिला चकवून सरळ आत. २००७ मध्ये तिची सरासरी होती सामन्यामागे २३.८ गुण आणि ९.७ रिबाउंड, आणि त्याच वर्षी सर्वोत्तम बचावपटूही तीच. हे दोन्ही एकाच हंगामात एका बाईने करावं, मला आजही थक्क व्हायला होतं.

आता निवडीबद्दल. मॅग्बेगोरही सिएटलकडून खेळलेली, तीही उंच, तीही बाहेरून शॉट घेते. अशा खेळाडूला सरावात रोज लॉरेनसमोर खेळायला मिळणं, बेंचवर शेजारी बसून 'ती उजवीकडेच वळतेय, पाय आधी टाक' एवढं ऐकायला मिळणं, याची किंमत मिनिटांत मोजता येत नाही. माझ्या लेखी बारावी जागा कामी आली.

अनघा:
सदानंद सर, ते काम सहायक प्रशिक्षक म्हणूनही करता आलं असतं. त्यासाठी जर्सी लागत नाही.

माझा विरोध वेगळ्याच कारणाने आहे आणि तो लॉरेनला नाही. तिच्या शरीराचं काय झालं ते आठवा. डब्ल्यूएनबीएचा हंगाम संपला की कोरिया, रशिया, नाहीतर ऑस्ट्रेलियातली लीग, मधे राष्ट्रीय संघ. कोरियात एका सामन्यात ५६ गुण केल्याचं कौतुक होतं, पण ती तिथे का गेली होती? अमेरिकेत स्त्रियांना मिळणारा पगार इतका कमी, की जगातल्या सर्वोत्तम खेळाडूलाही बारा महिने खेळावं लागे. पोटरीचं हाड, घोटा, पाठ, कंबरेचा सांधा, शेवटी गुडघा. वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेल्याचं तिने स्वतः उघडपणे सांगितलं आहे. हे सगळं झाल्यावर ४३व्या वर्षी ती पुन्हा मैदानात, आणि सगळे म्हणतात काय ही जिद्द. या टाळ्या ज्या पंधरा वर्षांच्या मुली ऐकतात, त्या दुखऱ्या गुडघ्याने खेळायला शिकतात. मी स्वतः गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फार लवकर परतले, कोचने 'मनाने कणखर हो' म्हणून सांगितलं होतं. आजही मला जिना उतरताना कठडा धरावा लागतो. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

मधुरा (मेलबर्न):
अनघा, वाचून वाईट वाटलं, आणि पगाराबद्दलचं शब्द न् शब्द पटलं. पण पुनरागमनाची गोष्ट तशी नाही हो. या वेळी तिच्यावर कुणाचा करार नव्हता, रशियातला मालक नव्हता. ती बास्केटबॉल ऑस्ट्रेलियात मुलींचा आणि स्त्रियांचा खेळ वाढवण्याचं काम करत होती. वैद्यकीय देखरेखीखाली गांज्यापासूनच्या औषधाच्या अभ्यासात भाग घेतला, त्याने दुखणं आटोक्यात आलं, व्यायाम जमू लागला. मग आधी गावच्या संघाकडून, अल्बरी-वोडोंगा बँडिट्सकडून, खेळून पाहिलं. अल्बरी हे तिचं जन्मगाव, तिथलं क्रीडा संकुलही तिच्याच नावाचं. विसाव्या वर्षी शरीराचा निर्णय दुसरे घेत होते. चाळिशीत तो तिने घेतला. मला त्या मुलींनी हे पाहावं असंच वाटतं.

अनघा:
निर्णय तिचा होता, मान्य. मी बोलतेय ते निवड समितीच्या निर्णयाबद्दल. खेळाडू नेहमीच 'मी तयार आहे' म्हणते. नको म्हणायची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी असते. त्यात प्रशिक्षक सँडी ब्राँडेलो तिच्याच बरोबर सिडनी आणि अथेन्सच्या ऑलिम्पिकमध्ये खेळलेली. जुन्या सोबतिणीला नको म्हणणं कुणाला सोपं जाईल?

निखिल (बंगळूर):
ब्राँडेलोवर हा आरोप जरा जड होतोय. सोबतीण म्हणून घेतली असती तर हट्टाने खेळवलीही असती. खेळवली नाही, गरजेपुरतीच वापरली. यातच दिसतं की निर्णय डोकं शांत ठेवून घेतलेला होता.

मी वेगळी बाजू मांडतो. १९९६ ते २०१२, सलग पाच ऑलिम्पिकमध्ये ओपल्सना पदक. मग २०१६ला रिओत सर्बियाकडून ७१-७३ असा उपांत्यपूर्व फेरीतच निकाल, टोकियोत पुन्हा त्याच फेरीत अमेरिकेपुढे गारद. मधल्या काळातला एक सामना इथल्या कांतीरवा स्टेडियममधला: २०१७च्या आशिया चषकाची अंतिम फेरी, जपान ७४, ऑस्ट्रेलिया ७३. (त्याच स्पर्धेत भारताच्या मुलींनी ब गट जिंकला, पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. त्याबद्दल स्वतंत्र धागा काढायला हवा.) एका गुणाने, दोन गुणांनी हरण्याची सवय लागलेला संघ होता तो. पॅरिसच्या चमूत ऑलिम्पिक पदक गळ्यात पडलेल्या खेळाडू किती होत्या? सिडनी, अथेन्स, बीजिंग, लंडन, प्रत्येक ठिकाणी पदक घेऊन आलेली ती एकटी. बेल्जियमचा सामना चार गुणांनी जिंकलो. चार गुण.

विक्रांत:
निखिल, चार गुणांचं श्रेय बेंचवरच्या अनुभवाला द्यायचं, तर नायजेरियाकडून झालेल्या तेरा गुणांच्या हारीचं काय करायचं? अनुभव त्याही दिवशी तिथेच होता. जे मोजता येत नाही ते फक्त जिंकल्यावर मोजायचं, हे मला मान्य नाही.

सदानंद सरांनी सांगितलेला सरावाचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. पण अनघाताईंचं उत्तर त्याला पुरून उरतं. सहायक म्हणून न्यायचं. बारावी जर्सी पोरीला द्यायची.

सदानंद:
सहायकाला सरावात अंगाला अंग भिडवून खेळता येत नाही, विक्रांत. रिंगजवळ पाठ लावून उभं राहिलेल्या १९६ सेंटीमीटरच्या खेळाडूला ढकलायचं कसं, हे पाटी-खडूने शिकवता येत नाही. मी वीसेक वर्षं प्रयत्न करतोय.

आणि तरुण मुलीला बेंचवर बसवून अनुभव मिळतो, हे तरी कुठे सिद्ध झालंय? लॉरेन सोळाव्या वर्षी राष्ट्रीय संघात आली, पण तिला खेळवलं. २०००च्या सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध २० गुण, १३ रिबाउंड, वय एकोणीस. दोन मिनिटं खेळून कुणी लॉरेन जॅक्सन होत नाही.

अनघा:
सर, हे मात्र दोन्ही बाजूंनी लागू होतं. दोन मिनिटांनी मुलीचं भलं होत नसेल, तर दोन मिनिटांसाठी ४३ वर्षांच्या गुडघ्याला पणाला का लावायचं?

मधुरा (मेलबर्न):
तिच्या गळ्यात पाचवं ऑलिम्पिक पदक पडलं म्हणून, अनघा. आईचाच १५ नंबर घालून ती आयुष्यभर खेळली, तिची आई आणि वडील दोघंही देशाकडून खेळलेले. या वेळी घरी तिची स्वतःची मुलं होती. तिने धोका तोलला आणि हो म्हटलं. तिच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं.

अनघा:
आणि मी समितीत असते, तर तुम्हाला नाही म्हटलं असतं, मधुराताई.