अपघातानंतर सगळ्या लाईनला कौन्सेलिंगला बसवायचं का? आणि सुपरवायझरचं काय?

चाकणचा_शिफ्टवाला: आमच्या शॉपमधे सेकंड शिफ्टला पॉवर प्रेसमधे, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनमधे, एका पोराची बोटं गेली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या लाईनला ट्रेनिंग रूममधे बसवून एकेकाला विचारलं, काय बघितलंस, काय वाटलं. कंपल्सरी. आणि ज्या सुपरवायझरने त्याचा हात फडक्यात गुंडाळून गाडीत घातलं, रात्रभर हॉस्पिटलमधे थांबला, तो तेव्हा केबिनमधे स्टेटमेंट लिहीत होता, अंगावर तोच रक्ताचा शर्ट. आधी त्याला घरी सोडा ना, आणि बाकीच्यांना जबरदस्तीने बोलतं करू नका.

भोसरी_एचआर: नाही पटलं. ज्याला यायचं त्याने या म्हटलं की कुणीच येत नाही. "मॅडम मी ठीक आहे" म्हणतात आणि पुढे त्याच प्रेसवर हात थरथरतो, रजा वाढतात, दारू वाढते. इन्क्वायरी लांबवली तर उद्या अजून कुणाची बोटं जातील.

चाकणचा_शिफ्टवाला: मशीन आजच बंद करा, त्याचं गार्ड नि सेन्सर आजच तपासा, त्यासाठी सुपरवायझरची जबानी कशाला लागते?

कोथरूड_सायकॉलॉजिस्ट: घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळ्यांकडून प्रसंग वदवून घ्यायचा याला डिब्रीफिंग म्हणतात. पीटीएसडी, म्हणजे धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार, टाळायला हे करू नका असं डब्ल्यूएचओ आणि ब्रिटनची नाईस ही आरोग्य सल्ला देणारी संस्था, दोघांच्याही गाईडलाईन्स सांगतात. सुरुवातीला झोप उडणं, आवाजाला दचकणं हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं तर मात्र तपासायलाच हवं. भोसरी मॅडम, तुमची काळजी खरीये, पण मग महिन्याने परत एकेकाला गाठून विचारा, तेच राहून जातं.

ठेकेदाराचा_माणूस: हे सगळं परमनंटवाल्यांचं. आम्ही घरी बसलो की हजेरी बुडते, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच मशीनशेजारी उभं राहायचं. भरपगारी सुट्टी द्या आधी, मग मन वगैरे बघा.

भोसरी_एचआर: हजेरीचं शंभर टक्के मान्य. पण मीटिंग नाही घेतली तर अफवा उठतात, हात तुटला, पोरगा गेला.

चाकणचा_शिफ्टवाला: मग माहिती द्या की, तो कसा आहे, ऑपरेशन झालं का, प्रेस कधी चालू होणार. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर द्या, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि सुपरवायझरकडे त्याच्या साहेबाला पाठवू नका, अप्रेझल त्याच्याच हातात असतं, साहेबासमोर कोण रडेल? दुसऱ्या प्लांटचा जुना सुपरवायझर पाठवा, ज्याने असं बघितलंय.

भोसरी_एचआर: हे करता येईल. मीटिंगमधे प्रश्न नाही विचारणार, पण हजर सगळ्यांनी राहायचं, त्यावर मी ठाम आहे.