एआयपी वाचल्यावर नोटॅम पुन्हा कशाला?

प्रश्न (प्रशिक्षणार्थी वैमानिक):
हवाई नियमांच्या परीक्षेची तयारी करताना एक शंका आली. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीमध्ये (वैमानिकांसाठीच्या अधिकृत हवाई माहिती पुस्तकात) धावपट्टीची लांबी, दिवे, रेडिओच्या वारंवारता, उतरण्याचे नकाशे असे सगळेच असते आणि त्यात 28 दिवसांच्या एअरॅक चक्राने (ठरलेल्या तारखांना बदल लागू करण्याच्या पद्धतीने) सुधारणाही होतात. मग एआयपीची पुरवणी आणि नोटॅम (वैमानिकांना पाठवलेल्या छोट्या सूचना) वेगळे का काढावे लागतात?

उत्तर (निवृत्त हवाई माहिती अधिकारी):
फरक मुख्यतः मुदतीचा आहे. कायमचा बदल एआयपीत जातो, तीन महिने किंवा अधिक टिकणारा तात्पुरता बदल पुरवणीत, आणि थोड्या काळाचा वा अचानक उद्भवलेला बदल नोटॅममध्ये. एअरॅकच्या तारखा जगभर एकच असतात आणि तो दिवस नेहमी गुरुवारच असतो; महत्त्वाचा बदल त्याआधी किमान 28 दिवस वापरणाऱ्यांच्या हाती पडावा असा नियम आहे, कारण नकाशे तयार करणाऱ्यांना आणि विमानातील संगणकात माहिती भरणाऱ्यांना तेवढा अवधी लागतो. धावपट्टीचे बिघडलेले दिवे काही गुरुवारपर्यंत थांबत नाहीत.

वेळेकडेही लक्ष द्यावे. 9 मे 2024 रोजी मुंबईच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन्ही धावपट्ट्या पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी सकाळी 11 ते संध्याकाळी 5 बंद होत्या. यूटीसीनुसार (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेनुसार) नोटॅममध्ये ही वेळ 2405090530 ते 2405091130 अशी, म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटे या क्रमाने, लिहिली जाते. पहाटे 4 वाजता सुरू होणाऱ्या कामाला तर आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि नवशिके नेमके तिथेच चुकतात.

उत्तर (उड्डाण प्रशिक्षक):
नोटॅम मिळणे आणि तो लक्षात राहणे यांत मोठे अंतर आहे. 7 जुलै 2017 च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला 28 क्रमांकाच्या दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावी बंद असल्याची सूचना एअर कॅनडाच्या वैमानिकांना दिलेल्या 27 पानी कागदपत्रांत आठव्या पानावर होती. तरीही त्यांनी 28 उजवीलाच डावी आणि तिच्या शेजारच्या टॅक्सीवेला (विमाने धावपट्टीकडे नेण्याच्या रस्त्याला) उजवी समजून त्या टॅक्सीवेवर, जिथे चार विमाने उभी होती, उतरण्याचा मार्ग धरला आणि अगदी शेवटच्या क्षणी ते पुन्हा वर गेले. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी धावपट्ट्यांचे नोटॅम वेगळे काढायला सांगतो. गवत कापण्याच्या सूचना नंतर.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. शेवटच्या वेळेपुढे ‘ईएसटी’ लिहिलेले असेल, तर ती वेळ उलटल्यावर नोटॅम आपोआप संपतो का?

उत्तर (निवृत्त हवाई माहिती अधिकारी):
नाही. ती वेळ केवळ अंदाजाची असते. तो रद्द करणारा किंवा त्याची जागा घेणारा दुसरा नोटॅम येईपर्यंत तो लागूच आहे असे धरावे.