उत्तर युगांडातील धर्मगुरूंनी बंडखोरांसाठी माफी मागितली, तेव्हा न्याय बाजूला पडला का?

जिज्ञासू, नाशिक (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वाचनगटात सध्या आफ्रिकेतील यादवी युद्धांविषयी वाचन चालू आहे. युगांडाच्या उत्तर भागात जोसेफ कोनी याच्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीने सुमारे दोन दशके मुले पळवून नेली, त्यांच्या हाती शस्त्रे दिली आणि पुष्कळदा त्यांना त्यांच्याच गावांवर सोडले. याच काळात उत्तरेतील आचोली लोकांच्या प्रदेशातील कॅथलिक, अँग्लिकन, ऑर्थोडॉक्स व मुस्लिम धर्मप्रमुखांनी एकत्र येऊन बंडखोरांना माफी द्यावी असा आग्रह धरला आणि २००० साली तसा कायदाही झाला. शांततेची त्यांची तळमळ मला समजते. परंतु ज्यांची मुले गेली, त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार धर्मगुरूंना कोणी दिला? याला सामाजिक न्यायासाठी केलेले काम म्हणावे, की न्यायाचा प्रश्न टाळणे?

नदीकाठ

आपला प्रश्न रास्त आहे. मात्र अपराधी एकीकडे आणि पीडित दुसरीकडे, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. आचोली प्रदेशात तशी सरळ विभागणी नव्हती. कोनीच्या सैन्यात पळवून नेलेल्या मुलांचा भरणा मोठा होता, त्यामुळे लष्कराने रानात बंडखोरांना टिपले की गावातल्याच कुणाचा तरी मुलगा मरत असे. अशा आईबापांना लष्करी विजयाची बातमी कशी ऐकू येत असेल, हे लक्षात घेतल्याशिवाय माफीच्या मागणीचा अर्थ लागत नाही.

शिवाय या धर्मप्रमुखांचे बोलणे केवळ बंडखोरांपुरते नव्हते. संरक्षणाच्या नावाखाली लोकांना छावण्यांत हलवले गेले, शेती सुटली, रोगराई वाढली; युद्ध शिगेला पोचले तेव्हा उत्तर युगांडातील विस्थापितांची संख्या १८ लाखांच्या आसपास होती. याबद्दल त्यांनी सरकारलाही जाब विचारला आणि म्हणूनच त्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिले गेले. अपहरणाच्या भीतीने हजारो मुले रोज संध्याकाळी खेड्यांतून चालत गुलू शहरात येत आणि ओसऱ्यांवर, बसस्थानकात झोपत. जून २००३ मध्ये आर्चबिशप जॉन बॅप्टिस्ट ओडामा आणि त्यांचे सहकारी चार रात्री त्या मुलांसोबत रस्त्यावर झोपले. अँग्लिकन बिशप मॅकलॉर्ड बेकर ओचोला यांच्या पत्नीचा १९९७ साली भूसुरुंगाच्या स्फोटात मृत्यू झाला होता. तरीही ते माफीच्या बाजूने उभे राहिले. स्वतःचे काही न गमावता इतरांना क्षमेचा उपदेश केला, असे निदान त्यांच्याबाबत म्हणता येणार नाही.

पायवाट

नदीकाठ यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. पण क्षमेच्या अधिकाराचा प्रश्न बिशपांकडे पाहून सुटत नाही, त्यासाठी एका आईकडे पाहावे लागते.

१० ऑक्टोबर १९९६ रोजी आबोके येथील सेंट मेरीज या मुलींच्या निवासी शाळेतून १३९ मुली पळवून नेल्या गेल्या. उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फासेरा एका शिक्षकासह बंडखोरांच्या मागावर पायी गेल्या आणि त्यांनी १०९ मुली परत आणल्या. ३० मुली मागे राहिल्या. त्यांपैकी एक अँजेलिना आत्याम यांची होती. आत्याम व्यवसायाने परिचारिका आणि सुईण. मागे राहिलेल्या मुलींचे पालक लिरा येथे प्रार्थनेसाठी जमत, आणि येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आम्ही जशी इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर’ अशा अर्थाच्या ओळीपाशी आले की त्यांना पुढे बोलवेना. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत या ठिकाणी अपराधाला ‘ऋण’ म्हटले आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. जे परत कधीच मिळणार नाही, ते ऋण सोडायचे कसे?

या पालकांनी संघटना उभारली. क्षमेची भाषा त्यांनी स्वीकारली, पण मुले परत करा ही मागणी देशोदेशी इतकी लावून धरली की बंडखोरांनीच आत्याम यांना निरोप पाठवला: बोलणे थांबवा, तुमची मुलगी सोडतो. सगळ्या मुली सोडणार असाल तरच, असे त्यांनी कळवले आणि स्वतःच्या मुलीची सुटका नाकारली. ती मुलगी २००४ साली निसटून घरी आली. क्षमा आणि न्यायाची मागणी एकाच व्यक्तीने इतक्या ठामपणे केलेली मी क्वचितच पाहिली आहे.

माझा आक्षेप कायद्यावर आहे. बंड सोडल्याचे जाहीर करून शस्त्र ठेवले की माफी मिळे. काय केले हे सांगण्याची सक्ती नव्हती. परतणाऱ्याला थोडे पैसे आणि संसाराचे किडूकमिडूक मिळे, आणि ज्याचे घर जळाले तो शेजारी ते पाहत राही.

माणदेशी

पायवाट यांनी दाखवलेली उणीव आचोली परंपरेला ठाऊक होती. ‘मातो ओपुत’ या विधीत ओपुत झाडाच्या मुळीचा कडू रस मारणारा आणि मेलेला अशा दोन्ही कुळांची माणसे एकाच भोपळ्याच्या पात्रातून पितात. पण त्याआधी गुन्ह्याची कबुली द्यावी लागते आणि भरपाई ठरवावी लागते. धर्मप्रमुखांनी या परंपरेला पाठिंबा दिला, हे मला त्यांच्या कामातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. मात्र हा विधी दोन कुळांतील खुनासाठी आहे. ज्याने कित्येक अनोळखी गावे जाळली, त्याने कोणत्या कुळासोबत रस प्यावा?

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २००५ साली कोनीसह पाच जणांवर वॉरंट काढले, तेव्हा सरकार आणि बंडखोरांमधल्या वाटाघाटी बुडतील म्हणून धर्मप्रमुखांनी विरोध केला. दक्षिण सुदानातील जुबा येथील बोलणी पुढे झाली, परंतु २००८ साली कोनीने अंतिम करारावर सही केली नाही. पाचांपैकी डॉमिनिक ओंग्वेन याला २०२१ साली २५ वर्षांची शिक्षा झाली. तो स्वतः लहानपणी शाळेच्या वाटेवरून पळवला गेला होता.

जिज्ञासू, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. क्षमा कोणी करायची, एवढाच प्रश्न घेऊन मी आलो होतो. भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता, हे आता ध्यानात आले. ओंग्वेनच्या खटल्यात पीडितांना काही मिळाले का?

माणदेशी

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने सुमारे ५०,००० पीडितांसाठी ५.२ कोटी युरोंहून अधिक भरपाईचा आदेश दिला. त्यात प्रत्येकी ७५० युरो ही प्रतीकात्मक रक्कम आहे. ओंग्वेनकडे पैसे नसल्याने न्यायालयाच्या पीडित निधीला त्यासाठी देणग्या गोळा कराव्या लागणार आहेत.