सिस्टिमॅटिक रिव्ह्यू सतत अद्ययावत ठेवायलाच हवेत का?

ताम्हण:
एप्रिल २०२१ची कोविडची लाट आठवतेय? ‘ए पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवाय, अर्जंट’, प्रत्येक ग्रुपवर हेच, बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा रुग्णाला द्यायला. आयसीएमआरने रुग्णांवर केलेल्या प्लासिड या प्लाझ्माच्या चाचणीचे निष्कर्ष त्याआधीच, ऑक्टोबर २०२०मध्ये छापून आले होते: ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण, प्लाझ्माने ना आजार बळावायचा थांबला ना मृत्यू घटले. सरकारी उपचारसूचनांतून प्लाझ्मा वगळला मे २०२१मध्ये. तोवर नातेवाईक दाते शोधत वणवण फिरले.
एखाद्या उपचारावरच्या सगळ्या चाचण्या शोधून, पारखून एकत्र मांडणारा रिव्ह्यू एकदा छापला की संपलं, हे चालणार नाही. २००७च्या एका अभ्यासात १०० रिव्ह्यू तपासले, तर ७ टक्के छापून येईपर्यंतच जुने झालेले! नवी चाचणी आली की महिन्याभरात ती रिव्ह्यूत यायलाच हवी.

कातळ:
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. कॉक्रेन या असे रिव्ह्यू करणाऱ्या संस्थेचा प्लाझ्मावरचा रिव्ह्यू २०२०मध्येच मे, जुलै, ऑक्टोबर असा तीनदा आला. गाडी अडली ती सूचना ठरवणाऱ्यांपाशी.
शिवाय हार्ट अटॅकच्या रुग्णांना मॅग्नेशियम देण्याचं उदाहरण घ्या. छोट्या चाचण्यांची बेरीज केली तेव्हा मृत्यू निम्म्यावर आलेले दिसले. मग १९९५मध्ये आयसिस-४ ही मोठी चाचणी आली, ५८ हजार रुग्णांची. फायदा काहीच नाही. दर महिन्याला आकडे चाळत बसलं की कधीतरी नुसत्या योगायोगानेही ‘फायदा’ दिसतोच.

रानजाई:
मी हे काम करते. एका शोधात शोधनिबंधांची हजारो शीर्षकं येतात, ती सगळी दोघांनी स्वतंत्रपणे वाचायची, मत जुळलं नाही की तिसऱ्याकडे. अनुदान संपलं की टीम पांगते. सगळ्याच विषयांना हे झेपणार नाही.

ताम्हण:
@कातळ, हार्ट अटॅकमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजचं काय मग? १९९२मध्ये जुन्या चाचण्यांची क्रमाने बेरीज केली, तर १९७३पर्यंतच्या ८ चाचण्यांतच या औषधाने जीव वाचतात हे दिसत होतं. त्यानंतरही २५ चाचण्या झाल्या, ३४ हजारांवर रुग्ण. त्यातल्या कितीतरी जणांना ते औषध मिळालंच नाही. बेरीज वेळेवर झाली असती तर?

कातळ:
हे आज कळतंय. १९७३ साली बसलेल्याला कसं कळावं, हातात स्ट्रेप्टोकायनेज आहे की मॅग्नेशियम?

रानजाई:
म्हणूनच वारंवार तपासायचं तर पुराव्याची अट आधीच ठरवतात आणि ती नेहमीपेक्षा कडक ठेवतात. शोध दर महिन्याला, निष्कर्ष मात्र ती अट पुरी झाल्यावरच बदलायचा. जिथे पुरावा कच्चा आहे, चाचण्या चालू आहेत आणि डॉक्टरांचा निर्णय त्यावर अडलाय, एवढ्याच विषयांसाठी हा खटाटोप करावा.

कातळ:
एवढं मान्य. पण सूचना किती दिवसांत बदलायच्या, हे कोण बांधून देणार?