चर्चच्या व्हॉलीबॉल शिबिरात प्रार्थना असावी की नसावी?

कॅम्पातला पोरगा
मे महिन्यात आमचा तरुण संघ बेळगावात चर्चच्या आवारात व्हॉलीबॉल शिबिर घ्यायलाय. फी नाही, कुठल्याही जातीधर्माची पोरं चालतील. खेळ संपला की दहा मिनिटं बायबलचं वचन आणि प्रार्थना ठेवायची का, यावरून संघात दोन तट पडलेत. मी म्हणतो, ठेवायचीच. बास्केटबॉल १८९१ साली आणि व्हॉलीबॉल १८९५ साली, दोन्ही खेळ अमेरिकेतल्या वायएमसीएत, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतच जन्मले. मद्रासला १९२० साली हॅरी बकनं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, तेही वायएमसीएचंच. मग आपण लाजायचं कशाला?

खानापूरची आई
फुकट शिबिर, वर टी-शर्ट, वर सरबत, आणि मग "बाळांनो, डोळे मिटा". अकरा वर्षांचं पोर नाही म्हणेल होय? टीममध्ये घेणारे सर तेच, प्रार्थना सांगणारेही तेच. धर्म सांगायचाय तर मला येऊन सांगा. पटलं नाही तर चहा पाजून वाटेला लावीन.

कॅम्पातला पोरगा
ताई, जबरदस्ती कोण करतंय? घटनेच्या २५व्या कलमात प्रचाराचा हक्क दिलाय.

कोर्टाच्या पायरीवरचा
दिलाय. पण स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. शिवाय कर्नाटकानं २०२२ साली धर्मांतरविरोधी कायदा केला. त्यात भेटवस्तूसुद्धा आमिषात धरलीय आणि अल्पवयीन मुलांच्या बाबतीत शिक्षा दहा वर्षांपर्यंत. पुढच्याच वर्षी नव्या मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं, हेही खरं. तरी वचन छापलेले टी-शर्ट वाटू नका बाबांनो.

रिटायर्ड पीटी सर
कायदा राहू दे बाजूला. बॉल आपल्या पोराच्या बोटाला लागून बाहेर गेला, रेफ्रीला दिसलं नाही, आणि आपल्याच कोचनं हात वर करून "टच" म्हटलं, तर पोरं ते आठवडाभर बोलतात. एरिक लिडल या ख्रिस्ती धावपटूनं १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवार पाळायचा म्हणून शंभर मीटर सोडली आणि चारशेत सुवर्ण मारलं. प्रवचनही केलं त्यानं पॅरिसमध्ये, पण चर्चमध्ये. ट्रॅकवर नाही.

मंडळीतली आत्या
म्हणजे आम्ही तोंडाला कुलूप लावायचं? गणेशोत्सवात मंडळाच्या कबड्डीला आमची पोरं जातात. नारळ फुटतो, आरती होते, पोरं गुमान उभी राहतात. तेव्हा कोण आम्हाला विचारतंय? आणि आमची कधी तक्रारही नाही. मग दहा मिनिटांच्या प्रार्थनेनं कुणाचं काय जातंय? फक्त फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहा. लपवाछपवी मला पण आवडत नाही.

खानापूरची आई
आत्या, आरतीचं बोललात ते बरोबर, तिथं मला उत्तर नाही. पण तुमचं पोर आरतीला उभं राहिलं म्हणून आपल्यात येईल, असं मंडळातल्या कुणाच्या मनातसुद्धा नसतं. तुमच्या मनात असतं की नाही, ते सांगा.

कॅम्पातला पोरगा
असतं. खोटं कशाला बोलू? मला येशू मिळाला, तो दुसऱ्यालाही मिळावा असं वाटतं. ते चोरून करायचं नाही एवढंच. फॉर्मवर असं छापतो: खेळ सात ते साडेआठ. पावणेनऊला आत हॉलमध्ये वचन. ज्यांच्या आईबापांची सही असेल तीच पोरं थांबतील. टीमची निवड पीटी सरांकडे. टी-शर्ट कोरे.

खानापूरची आई
आणि सरबत? ते साडेआठलाच बाहेर मैदानावर वाटा, हॉलमध्ये नको.