युद्धपट बघताना 'असं नव्हतं झालेलं' म्हणावंसं वाटलं? गोवेकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती, पणजी

ऐतिहासिक युद्धपट लागला की पणजीत थिएटरबाहेर हमखास वाद रंगतो. पात्रांची नावं, पोशाख, तारखा, कोण खरा शूर, सगळ्यावर. मला वाटतं संवाद, गाणी, प्रेमकथा यांत दिग्दर्शकाला मोकळीक असावी. पण लढाई ज्या जमिनीवर, ज्या पाण्यावर झाली ते बदललं की लढाईच वेगळी होते, आणि लढणाऱ्यांनी खरोखर जे केलं ते पुसलं जातं. आपल्याकडे तर या जागा रोजच्या येण्याजाण्यातल्या. तुम्हाला कुठे खटकलं, कुणाशी वाद झाला, घरातली वडीलधारी माणसं काय म्हणाली, हे सगळं सविस्तर लिहा.

बेतीहून

एका लघुपटात १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे पोर्तुगीजांपासून गोवा मुक्त झाला त्या दिवसाच्या सकाळी भारतीय जवान मांडवीच्या पुलावरून धावत पणजीत शिरताना दाखवले होते. मी तिथेच उभा राहून बोललो. तेव्हा पणजीला मांडवीवर पूल नव्हताच, तो मुक्तीनंतर कितीतरी वर्षांनी झाला. आमचे आजोबा गॅसोलिनीवर, म्हणजे नदी ओलांडणाऱ्या प्रवासी लाँचवर, कामाला होते. बेती ते पणजी माणसं जायची ती पाण्यावरूनच. पाखल्यांनी (म्हणजे पोर्तुगीजांनी) आदल्या दिवशी पहाटे डिचोली, अस्नोडा, शापोरा इथले पूल उडवले होते, तेही सैन्य अडावं म्हणूनच. बेतीपर्यंत पोहोचलेल्या तुकडीला समोर राजधानी दिसत होती आणि मध्ये नदी होती. रात्र अलीकडे काढून सकाळी त्यांनी ती ओलांडली. त्या रात्रीवरच एक चित्रपट होईल! पूल दाखवला की ती रात्रच उरत नाही.

दोनापावलाहून

आमच्या सासऱ्यांनी 'आफोंसु द आल्बुकेर्क' ही पोर्तुगीज युद्धनौका लढताना किनाऱ्यावरून पाहिली होती. पडद्यावर ती नेहमी अजस्र, अजिंक्य जहाज म्हणून येते आणि मग आपलं नौदल तिला नमवतं. खरं म्हणजे ती १९३०च्या दशकातली जुनी नौका. समोर 'बेतवा' आणि 'बियास', दोन्ही १९६० साली नौदलात आलेल्या नव्या फ्रिगेट. तरी तिने तोंड दिलं, तिचा कप्तान गंभीर जखमी झाला आणि शेवटी ती किनाऱ्याला लावून खलाशांना सोडावी लागली. सासरे सांगत, बघणाऱ्यांपैकी काहींना तिची दया आली होती आणि तेच लोक दुसऱ्या दिवशी तिरंगा घेऊन नाचले. ही दोन्ही मनं एकाच माणसात असू शकतात, हे मला अजून कुठल्या युद्धपटात दिसलेलं नाही. शत्रू मोठा करून दाखवल्याशिवाय आपला विजय मोठा होत नाही, असं का धरून चालतात?

पणजी, फोंताइन्यश

वरच्या ताईंशी सहमत. गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्वाचंही तेच. गोव्यावरच्या एका नाटुकल्यात तो चाबूक घेऊन फिरणारा क्रूरकर्मा होता. पोर्तुगीज राजवट जुलमीच होती. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, पत्रादेवीचं स्मारक सगळ्यांनी पाहिलं आहे. पण हा माणूस त्यानंतर, १९५८ मध्ये आला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने त्याला शरण न जाता शेवटपर्यंत लढायला सांगितलं होतं. त्याने ते न मानता १९ तारखेला संध्याकाळी शरणागती दिली, म्हणून आमची पणजी जशीच्या तशी उभी राहिली. त्याबद्दल लिस्बनने त्याला सैन्यातून काढलं. पोर्तुगालमध्ये १९७४ ची क्रांती झाल्यावर कुठे त्याचा हुद्दा परत मिळाला. इतकी मोठी गोष्ट हातात असताना चाबूक कशाला लागतो?

वास्कोहून

दुसऱ्या महायुद्धातल्या १९४३ बद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'द सी वुल्व्ज' हा १९८० चा इंग्रजी चित्रपट गोव्यात चित्रित झाला. मुरगाव बंदरात आसऱ्याला असलेल्या जर्मन जहाजांवर कलकत्त्याच्या हौशी, वयस्क इंग्रज घोडदळी स्वयंसेवकांनी घातलेला छापा हा त्याचा विषय. ९ मार्च १९४३ ची रात्र, म्हणजे त्या वर्षीच्या कार्निव्हालचा शेवटचा दिवस. जहाजं चार, तीन जर्मन आणि एक इटालियन. ती इंग्रजांच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांच्याच खलाशांनी पेटवून बुडवली. बंदरावर काम केलेल्या म्हाताऱ्यांकडून मी लहानपणी ज्या आगीच्या गोष्टी ऐकल्या त्यात इंग्रज कुठेच नव्हते, कारण तेव्हा कुणाला ते माहीतच नव्हतं. लोकांनी फक्त जळणारी जहाजं पाहिली. चित्रपटात सगळं छापा घालणाऱ्यांच्या डोळ्यांनी दिसतं, गोंयकार मागे गर्दीत. मला चित्रपट आवडतो, परत परत बघतो. पण बंदरावरून पाहिलेली ती रात्र कुणीतरी करायला हवी.

जुवें बेटावरून

मी जुव्याचा, म्हणून जरा लांबण लागेल. संभाजी महाराजांची गोवा स्वारी दाखवणाऱ्या एका चित्रपटात जुव्याचा किल्ला उंच काळ्या कड्यावर, खाली कोरडं माळरान आणि त्यावरून धुरळा उडवत घोडदळ. आमचा किल्ला चिऱ्याचा, बेताच्या टेकडीवर. खाली चहूकडे खाजनं (खाऱ्या पाण्याची सखल शेतं), बांध आणि मानशी (भरती-ओहोटीचं पाणी अडवणारी दारं). नोव्हेंबर १६८३ मध्ये मराठे रात्री ओहोटी साधून इथे आले. ओहोटीची वेळ अचूक कळायला स्थानिक माणसांशी संधान हवं, चिखलातून वाट हवी, आणि भरती यायच्या आत काम आटपायचा हिशेब हवा. धुरळा उडवून ते सगळं झाकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्व्होर स्वतः फौज घेऊन आला आणि मार खाऊन जेमतेम जीव वाचवून परतला. तेव्हा भरतीच्या पाण्यात महाराजांचा घोडा शिरला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, ही परंपरेने आलेली हकीकत सगळ्या मराठी माणसांना ठाऊक आहे. पण पडद्यावर पाणीच नाही, तर वाचवणार कशातून? आणि आल्व्होरने हताश होऊन आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवला, याहून नाट्यमय प्रसंग कुठला पटकथाकार लिहील? तोही नव्हता.

शेवटी महाराज 'उदार होऊन' माघारी जातात असं दाखवलं. मागून औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोगल फौज घेऊन रामघाटाने उतरत होता, म्हणून जावं लागलं. त्यात कमीपणा काय? दोन शत्रूंच्या मध्ये उभं राहून घेतलेला तो निर्णय होता.

म्हापशाहून

जुवेंकर, तुमचं सगळं खरं. तरी एक सांगू? माझे वडील शाळेत फार गेले नाहीत. संभाजी महाराज गोव्यात आले होते हे त्यांना त्याच चित्रपटामुळे कळलं. बाहेर आल्यावर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मला जुव्याला घेऊन चल." चुका आहेत म्हणून तो चित्रपट टाकाऊ, हे मला पटत नाही.

साखळीहून, शिक्षिका

म्हापसेकर भाऊ, टाकाऊ कुणीच म्हणत नाही. पण तुमचे वडील जुव्याला गेले, सगळे जात नाहीत. माझ्या वर्गातली मुलं चित्रपटातला प्रसंग उत्तरपत्रिकेत लिहितात आणि गुण कापले तर पालक भांडायला येतात, "पडद्यावर दाखवलंय" म्हणून. मी मुलांना नार्व्याला नेते. सप्तकोटेश्वराच्या देवळावर शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केल्याचा शिलालेख आहे. मूळ देव पलीकडे दिवाडी बेटावरचा, पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर नदीच्या या बाजूला आला. अक्षरांवरून बोट फिरवलं की मुलं आपसूक विचारायला लागतात, चित्रपटात होतं ते कुठे लिहिलंय? हा प्रश्न त्यांना पडावा, एवढंच मला हवं असतं.

मडगावहून

छोटा अनुभव. कारगिलवरचा चित्रपट बघताना पडद्यावर 'ऑपरेशन विजय' अक्षरं आली आणि शेजारचा मुलगा आईला म्हणाला, "हे आपलं गोव्याचं ना?" १९६१ आणि १९९९, दोन्ही मोहिमांचं नाव एकच. आईलाही सांगता येईना. मध्यंतरात मी सांगितलं, तर मागच्या दोन रांगा ऐकायला वळल्या.

धागाकर्ती, पणजी

जुवेंकर, भरतीच्या वेळी किल्ल्यावरून काढलेला एखादा फोटो असेल तर जरूर टाका. काणकोणचं कुणी आहे का इथे? १९६१ मध्ये अंजदीव बेटावर उतरताना आपले सात नौसैनिक गेले. पोर्तुगीजांनी आधी पांढरं निशाण दाखवून मग गोळीबार केला असं आपल्याकडे सांगतात, ते मात्र नाकारतात. त्या किनाऱ्यावरच्या कोळी घरांमध्ये काय सांगतात ते वाचायला मला फार आवडेल.