मदत हवी आहे: धुक्यातलं एकटं झाड कुठं मिळंल?

मंडळी, ब्लॅक अँड व्हाईट फाईन आर्ट फोटोंची सिरीज करायलोय, बेळगाव-खानापूर पट्ट्यात जागा सुचवा की. गोकाक फॉल्स नको, झुलता पूल आणि सेल्फीवाले फ्रेममध्ये येतातच. मला पायजे ते साधं, एखादं एकटं झाड, नायतर पाण्यात उभी वाळकी खोडं, मागं मोकळं. राकसकोप धरणाच्या काठाला तसं काय हाय का? जांबोटी-कणकुंबी रोडला पावसाळ्यात धुकं भरपूर, पण १० स्टॉपचा एनडी (लेन्सवर लावायचा, उजेड लई कमी करणारा काळा फिल्टर) लावून ३० सेकंदांचं एक्स्पोजर संपेपर्यंत काचेवर थेंब जमतात, पुसायचं का फोटो काढायचा! आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत ट्रायपॉड न्यायला फॉरेस्टवाल्यांची परवानगी कुठनं काढायची, खानापुरातनं का बेळगावातनं? पहाटे गाडी कुठं लावायची तेपण सांगा.